मी पोचवलेली हाक

माइकला बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, मित्रांनो. मला दिसतात ऐकणाऱ्यांचे. सभागृहाच्या रंगमंचावर डाव्या कोपऱ्यात उभा असलेला जुना स्पीकर, एवढीच माझी ओळख. पण माणसांचे चेहरे कसे बदलतात हे माझ्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

माझी लाकडी पेटी एका सुताराने केली. आत बसवलेला शंकूसारखा कागदी कोन त्याच्या बहिणीने चिकटवला. हा कोन थरथरतो, म्हणून माझ्यातून आवाज निघतो. डिंक वाळेपर्यंत ती माझ्याजवळ बसून होती, कुणाला हात लावू देत नव्हती. पुढे मला या सभागृहात आणले आणि हॅलोकाकांच्या ताब्यात दिले. त्यांचे खरे नाव कुणाला आठवत नसे. कार्यक्रम कोणताही असो, आधी ते माइक हातात घेऊन "हॅलो, हॅलो, चेक" म्हणत, आणि पोरे बाहेरूनच "हॅलोकाका आले!" म्हणून ओरडत.

माझे पहिले दिवस मजेत गेले. बक्षीस समारंभ, नाटके, भाषणे, कधी गर्दीत चुकलेल्या मुलाच्या आईला हाक. "काय खणखणीत आवाज आहे हो!" असे लोक म्हणत, तेव्हा काका माझी पाठ अशी थोपटत, जणू मीच त्यांचा थोरला.

मग ती बस उलटली.

उताराच्या वळणावर गावातलीच बस कठडा तोडून खाली गेली. बरेच जण जखमी झाले, आणि चित्रकलेच्या बाई गेल्या. अर्ध्या गावाने त्यांच्या हाताखाली पहिला रंग भरला होता. त्यांच्या शोकसभेला सभागृह गच्च भरले. बाईंचे यजमान पहिल्या रांगेत बसले होते. ते निवृत्त पोस्टमास्तर, आणि अजून सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. ते रडले नाहीत. मांडीवर छत्री आडवी धरून नुसते बसले होते.

त्या सभेत मागून कुणीतरी म्हणाले, "ड्रायव्हर झोपला होता म्हणे."

मित्रांनो, त्या वाक्यातला 'म्हणे' दारापर्यंत जाईतो गळून पडला. बाहेर रस्त्यावर पोचले ते एवढेच, ड्रायव्हर झोपला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे नाव 'झोपाळू' पडले. तो पाय मोडून अंथरुणाला खिळला होता. त्याच्या खिडकीखालून जाताना लोक मुद्दाम मोठ्याने घोरत. त्याची मुलगी कॉलेजात होती, अंगाने बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. वर्गात तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

हॅलोकाकांची पुतणी इथल्या वर्तमानपत्रात बातमीदार होती. ती चौकशी करत फिरली आणि एका सकाळी तिची बातमी छापून आली: बसचे ब्रेक खराब होते, ड्रायव्हरने गाडी काढायला नकार दिला होता, आणि डेपोच्या साहेबांनी ती जबरदस्तीने काढायला लावली.

तुम्हाला वाटेल, लोकांनी तिचे आभार मानले असतील. छे! चौकात त्या अंकाची होळी झाली. तिच्या स्कूटरची सीट कुणीतरी ब्लेडने फाडली. ज्यांनी पूर्ण बातमी वाचली होती, असे फार थोडे असतील. बाकीचे मथळा बघूनच पेटले होते. आमच्या बाईंना मारणाऱ्याची ही बाजू घेते म्हणजे काय?

काका सभागृहात वायरी गुंडाळत होते. पुतणी पायरीवर बसली होती.

"तुला दुसरी बातमी मिळाली नाही का गं?" काका म्हणाले.

"काका, खरी हीच मिळाली."

"अगं, पण लोकांची मनं किती दुखावली आहेत!"

"म्हणून तर. लोकांना राग धरायला एक माणूस हवा होता, तो मिळाला. आता तो सुटू नये असं वाटतंय त्यांना. छापलेलं वाचत नाहीत ना? ठीक आहे. मी माणसंच समोर आणून दाखवते."

तिने उसना कॅमेरा आणला आणि माहितीपट केला. तो आमच्या सभागृहात दाखवायचा ठरला. फुकट प्रवेश, सगळ्या गावाला बोलावणे. तो दिवस जवळ येऊ लागला तशी काकांची बोटे बटणांवरून उगाच फिरू लागली.

त्या दिवशी दुपारी डेपोचे साहेब स्वतः आले. हसतमुख माणूस. माझ्या पेटीवर हात टेकून उभे राहिले. हात गार होता.

"काका, आज आवाज जरा बेतानेच ठेवा," ते म्हणाले. "जुनं सामान आहे तुमचं. मध्येच काही बिघडलं, तर तुम्हाला कोण बोल लावणार?"

काकांनी फडक्याने माइक पुसायला घेतला.

"तुमचा मुलगा आमच्याकडेच कंडक्टर आहे ना? गुणी पोरगा आहे हो. सांभाळून घेतो आम्ही त्याला."

साहेब गेले. काका कितीतरी वेळ माझ्याकडे बघत उभे होते. मला वाटले, हा माणूस आज माझी वायर स्वतःच सैल करून ठेवणार.

संध्याकाळी सभागृहात तीळ ठेवायला जागा नव्हती. पोस्टमास्तर पहिल्या रांगेत होते. साहेब त्यांच्यामागेच बसले. आणि अगदी शेवटच्या रांगेत, डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बारीक मुलगी मला दिसली. ती चिमणी होती. तिला कुणी ओळखले नव्हते.

दिवे मालवले. पडद्यावर डेपोतला फिटर दिसू लागला. त्याचा आवाज माझ्यातून निघाला: "ब्रेकचे लायनर घासून संपले होते. मी सांगितलं, ड्रायव्हरनं सांगितलं. साहेब म्हणाले, गाडी काढ, नाहीतर कायमचा घरी बस."

"खोटं!" कुणीतरी ओरडले. "शू!" दुसऱ्याने गप्प केले.

मग पडद्यावर शिंपी आला. गावातलाच, सगळ्यांचे कपडे शिवणारा. अपघातात तो पुढच्या बाकावर होता. पुतणीचा आवाज विचारत होता, "ड्रायव्हर झोपला होता?" शिंप्याने गळ्यातली टेप काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "नाही. तो ओरडत होता. 'ब्रेक लागत नाही, घट्ट धरा!' असं ओरडत होता."

"मग तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?"

"सगळे म्हणत होते झोपला होता. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. एवढी माणसं कशी चुकतील?"

सभागृह उसळले. माणसे खुर्च्यांवर चढली. "शिंप्याला विकत घेतलं!" "बाईंचा अपमान बंद करा!" कुणी पायताण फेकले, ते पडद्याला लागले. नंतर एक लोखंडी खुर्ची हवेतून आली आणि सरळ माझ्या छातीवर आदळली. माझा कागदी कोन फाटला. त्याच वेळी एकाने धावत येऊन माझी वायर उपटली.

आवाज गेला. पडद्यावर शिंप्याचे ओठ तेवढे हलत राहिले. मग काकांनी फिल्म थांबवून दिवे लावले.

पुतणी रंगमंचावर जाऊन हात जोडत होती, पण तिला कोण ऐकणार? लोक दाराकडे निघाले होते. झाले ते बरे झाले, असे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होते. आणि त्या उलट्या गर्दीतून वाट काढत चिमणी पुढे आली. पायऱ्या चढली. ओढणी खांद्यावर टाकली. आता मात्र सगळ्यांनी ओळखले.

"झोपाळूची पोर!"

तिने माइक उचलला. माइक मेलेला होता. तिने काकांकडे पाहिले.

"काका, आवाज."

काका खुर्चीत बसून होते. माझ्या वायरीचे टोक त्यांच्या पायाशी पडले होते. साहेब जागेवरून त्यांच्याकडेच बघत होते. काही करायचे नव्हते, मित्रांनो. नुसते बसून राहायचे होते. सामान जुने होते, बिघडले, संपले. काकांच्या कपाळावर घाम साचला होता. त्यांनी एकदा पुतणीकडे पाहिले. मग गुडघ्यावर हात टेकून ते वाकले, वायर उचलली आणि माझ्या पाठीत खोचली.

मी खरखरलो. कोन फाटल्यामुळे माझा आवाज घोगरा झाला होता, पण होता.

चिमणी गाणे म्हणेल असे कुणाला वाटले नव्हते. तिने माइक ओठांजवळ धरून तोंडानेच ताल धरला, धप, चिक, धप-धप, चिक. कॉलेजातली मुले हल्ली असे म्हणतात, त्याला रॅप म्हणतात. काकांना हा प्रकार मुळीच आवडत नसे. "याला चाल नाही का, की वाटेत सांडली?" असे ते नेहमी विचारत. त्या दिवशी मात्र ते बटणावर हात ठेवून श्वास रोखून बसले. ती म्हणाली:

"झोपाळू म्हणता? म्हणा, पण आधी उत्तर द्या मला,
झोपलेला माणूस कधी 'घट्ट धरा' ओरडला?
पाय त्याचा ब्रेकवर होता, ब्रेकच नव्हता पायाखाली,
गाडी काढ म्हणणाऱ्याची खुर्ची का नाही हलली?"

"ही काय नुसती बडबड!" एक जण म्हणाला. पण तो थांबून म्हणाला, बाहेर जाता जाता नाही. दारातले लोकही वळले होते. चिमणीचा आवाज कापू लागला, तरी ताल सुटला नाही.

"बाई तुमच्याच नव्हत्या फक्त, माझ्याही होत्या वर्गात,
पहिला ब्रश त्यांनीच दिला माझ्या थरथरत्या हातात.
रडू मलाही येतं, पण रडायला जागा नाही,
झोपाळूच्या पोरीला कुणी शेजारी बसवत नाही."

ती थांबली. टाळी वाजली नाही. शिवीही आली नाही. पहिल्या रांगेत पोस्टमास्तर उठले आणि छत्री टेकत रंगमंचाकडे चालू लागले. चिमणी एक पाऊल मागे सरली. तिच्यामागे पडदा होता, आणखी मागे जायला जागा नव्हती.

ते तिच्यासमोर उभे राहिले. "तो ओरडला होता? खरंच?"

"बाबा बोलतच नाहीत हो कुणाशी," चिमणी म्हणाली. "मला पण या फिल्ममुळेच कळलं."

पोस्टमास्तरांनी तिच्या हातातला माइक घेतला आणि ते लोकांकडे वळले. "ज्यानं ऐकलं, तो इथंच असेल ना? उभा राहा बाबा."

मधल्या रांगेत शिंपी उठला. "ओरडला होता, पोस्टमास्तर. तो ओरडला म्हणून मी दांडा धरला. म्हणून मी आज आहे." त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "बाईंनी पण ऐकलं होतं. त्यांनी शेजारच्या बाळंतिणीला धरलं. स्वतःला नाही धरलं."

पोस्टमास्तरांचे ओठ हलले, पण शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. शोकसभेत न रडलेला तो माणूस तिथे, सगळ्यांसमोर, माइक हातात असताना रडला. तो आवाज मलाच पोचवावा लागला. आयुष्यात एवढे जड काही मी उचललेले नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि पुतणीला म्हणाले, "पोरी, फिल्म पहिल्यापासून लाव. मला नीट ऐकायचंय. ज्यांना जायचंय, त्यांनी जावं."

काही जण गेले. साहेब त्यांच्यात होते. बरेच जण खाली बसले. काकांनी माझी फाटलेली कड कोनाशी जुळवून चिकटपट्टी लावली, आणि माहितीपट पुन्हा सुरू झाला.

एका संध्याकाळीत सगळे बदलले असे सांगितले, तर ती थाप होईल. पुतणीवर नंतरही चिखलफेक झाली. काकांच्या मुलाची लांबच्या डेपोत बदली केली. काकू काकांशी कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत. "पोरीने धिंगाणा घातला" असे म्हणणारेही होते. पण बातमी ज्यांनी वाचली नव्हती, त्यांच्या मुलांना चिमणीच्या ओळी पाठ झाल्या. मुले त्या रस्त्यातून म्हणत जाऊ लागली, मग मोठ्यांना विचारू लागली, "खुर्ची का नाही हलली?" असे प्रश्न घराघरात जेवताना आले की टाळता येत नाहीत. चौकशी नव्याने लागली. ती लांबली, रेंगाळली, पण अखेर साहेबांना घरी बसावे लागले आणि ड्रायव्हर निर्दोष ठरला.

त्याने पुन्हा बस चालवली नाही. पण एकदा खिडकीखालून मुले 'घट्ट धरा' म्हणत गेली, तेव्हा तो कुबड्या घेऊन खिडकीशी आला, म्हणतात. पोस्टमास्तर त्याच्या घरी जाऊन आले. दोघे काय बोलले ते काकांनाही कळले नाही. चहा मात्र दोनदा झाला, एवढे चिमणीने सांगितले.

आता सभागृहात नवे, चकचकीत स्पीकर आहेत. काही काळ मी मोडक्या खुर्च्यांत धूळ खात पडलो, पेटीवर ओली फडकी वाळत घातलेली मी सोसली. पुढे चिमणीने मला मागून घेतले. ती हल्ली मुलामुलींना रॅप शिकवते. माझा आवाज अजून घोगरा आहे. मुले म्हणतात, तोच बरा लागतो.

मित्रांनो, जुन्या स्पीकरचे मागणे मोठे नसते. मला ओल लागू देऊ नका, बटण उगाच शेवटपर्यंत पिळू नका. आणि माझ्यातून कधी तुम्हाला न आवडणारे काही ऐकू आले, तर संताप येऊ द्या, पण वायर उपटू नका. समोरच्याचे बोलणे पुरे होऊ द्या. मग पायऱ्या चढून या, माइक घ्या आणि तुमचे म्हणणे मांडा. मी तुमचाही आवाज तितक्याच इमानाने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवीन.