दोन बोटांचा फरक

“परत घासलं बघ!” स्टिअरिंग पूर्ण फिरवून किसनराव ओरडले. “डावंच चाक घासून राहिलं. उजवं काहून घासत न्हाई?”

रूपसिंग मिस्त्री कनेरगाव नाक्यावरच्या आपल्या गॅरेजपुढे उताणा पडून मडगार्डाखाली बघत होता. त्याचे गुडघे कुरकुरत होते, खांदा करकरत होता. अलीकडे गाड्यांपेक्षा त्याचं अंगच जास्त आवाज करायचं.

गाडी म्हणजे किसनरावांची जुनी जीप. कधीकाळी मागून कापून तिची पिकअप केलेली, इंजिन भलत्याच गाडीचं. आता थोरल्या पोराने हौसेने रुंद, उंच टायर बसवून आणले होते आणि ते मडगार्डाला घासत होते. हिंगोलीच्या मिस्त्रीने बघताक्षणी मडगार्ड कापायला सांगितलं. ते किसनरावांच्या जिवावर आलं, म्हणून स्वारी इथे.

“तू म्हणशील तसं,” ते म्हणाले. “तुझा शब्द शेवटचा.”

नुसता टायर मोठा असता तर दोन्हीकडे घासला असता. रूपसिंगने सुतळी घेतली. उजव्या बाजूला मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणली आणि गाठ मारली. तीच सुतळी डावीकडे लावली, तर गाठ चाकाच्या मध्याच्या दोन बोटं पुढे गेली. म्हणजे डावं चाक आपल्या जागेपेक्षा दोन बोटं मागे होतं.

तो पुन्हा खाली सरकला. चाकांचा आस ज्या पोलादी पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगवर, बसतो, त्यांना धरणारा बोल्ट अगदी मधोमध नसतो, एका टोकाकडे जरा सरकलेला असतो. पाटे उलटे बसवले की चाकही सरकतं, आणि मागे गेलेल्या चाकाच्या बाजूला गाडी ओढते. डावीकडचे पाटे उलटे होते. आणि बारा वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात, घाईघाईत ते त्यानेच बसवले होते. लहान टायरांनी त्याची चूक इतकी वर्षं झाकून ठेवली होती.

रूपसिंग तसाच पडून राहिला. त्याला देवला आठवला.

देवला म्हणजे रूपसिंगच्या बायकोचा, पारुबाईचा, धाकटा भाऊ. तेव्हा ही गाडी तो चालवायचा. त्या दिवाळीत कापूस घेऊन जवळा बाजारला जाताना गाडी डावीकडच्या खड्ड्यात गेली आणि शेजारी बसलेल्या किसनरावांचा हात मोडला. “गाडी डावीकडं ओढती,” देवला सांगत राहिला. लोक हसले, कारण त्याचं पिणं साऱ्या बंजारा तांड्याला ठाऊक होतं. पण त्याच वर्षीच्या होळीला पारुबाईने त्याला सेवालाल महाराजांपुढे उभं करून दारू सोडल्याची आण घ्यायला लावली होती, आणि आपण ती मोडली नाही, असं तो रडून सांगत होता.

किसनरावांनी रूपसिंगला विचारलं होतं, गाडी ओढते का? त्याने सुतळीसुद्धा लावली नाही. आपल्याच हातच्या कामावर आपणच संशय घ्यायचा? “गाडी बराबर हाय,” तो म्हणाला आणि मोकळा झाला. देवलाची किल्ली गेली, गाडी किसनराव स्वतःच चालवू लागले. पुन्हा कोणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. आणि महाराजांची खोटी आण घेणाऱ्या भावाच्या दारात पाऊल ठेवणार नाही, असं पारुबाईने तांड्यादेखत सांगितलं. ते दार तिच्या घरापासून साठ पावलांवर होतं. बारा वर्षं ती साठ पावलं चालली नाही.

मडगार्ड कापणं अर्ध्या तासाचं काम होतं. घासणं थांबलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. रूपसिंगने छिन्नी हातात घेतलीदेखील. मग त्याला स्वतःचीच किळस आली आणि त्याने ती पेटीत टाकून पाना उचलला.

पाटे सोडवून फिरवून बसवेपर्यंत उन्हं कलली. घासणं गेलं. किसनराव रस्त्यावर एक चक्कर मारून आले ते बुचकळ्यात पडूनच.

“आता उजवीकडं ओढून राहिली की रे!”

“गाडी न्हाई ओढत मालक,” रूपसिंग म्हणाला. “तुमचे हात ओढून राहिले. बारा वर्सं तुमी तिला उजवीकडं दाबून धरलं. तुमाला सवय झाली.”

किसनराव आपल्या हातांकडे बघत राहिले. “म्हंजी देवला...”

“खरं बोलत व्हता. पाटे मी उलटे बसवले व्हते.”

मग किसनराव हळूच म्हणाले, “जाऊ दे आता. कशाला कुणाला सांगतो? या वयात नाव खराब करून घेशील.”

“त्याचं तर भर जवानीत केलं मी,” रूपसिंग म्हणाला. पाने गोळा करून तो तांड्याकडे निघाला.

पारुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. त्याने उंबऱ्यात उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. ती आरडाओरडा करील, म्हणून तो अंग चोरून उभा होता. तिने तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली.

“म्हंजी त्या दिशी त्यो पेलेला नव्हता,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“म्या त्याला महाराजांची खोटी आण घेणारा म्हणले.”

“मी म्हणायला लावलं तुला.”

तिने भाकऱ्या फडक्यात बांधल्या, पदराने तोंड पुसलं आणि उठली. रूपसिंग बाजूला झाला.

“मी येतो संगं.”

“तुमी उद्या जा. आज मला जाऊ द्या.”

तो दारातून बघत राहिला. ती भराभर गेली. देवलाच्या दाराशी तिने चपला काढल्या. दार उघडंच होतं, आत चुलीचा उजेड दिसत होता. तरी ती आत गेली नाही. भाकऱ्या छातीशी धरून, कोणीतरी आत ये म्हणेल म्हणून, ती बाहेरच उभी राहिली.