भिटौलीची टोपली

मी भागुली. जे घडलं ते सांगते, मध्येच थांबले तर राग मानू नका.

चैत लागला की आमच्या कुमाऊँत भाऊ बहिणीच्या सासरी जातो. टोपलीत पुऱ्या, रव्याचे तळलेले गोड सिंगल, एखादी साडी. तिला भिटौली म्हणायचं. जिची भिटौली येत नाही ती बाई चैतभर वाटेकडे डोळे लावून बसते, आणि शेजारणी तिच्याकडे बघत बसतात. इजा, म्हणजे माझी आई, होती तोवर माझ्या भावाला, लछमला, पाठी लागून पाठवायची. ती गेल्यावरही तो सात वर्षं नेमाने आला. मग तीन वर्षं काही नाही. एका चैतात तेवढा फोनवर पुऱ्यांचा फोटो आला. मी काय तो फोटो चाटू?

यंदा मात्र त्याचा स्वतःहून फोन आला. "दिदी, या वेळी तूच ये. माहेरीच खा तुझी भिटौली." आमचे हे चुलीपाशी शेकत बसले होते. ते म्हणाले, भिटौली घरी चालत येते, ती आणायला कुठली बाई गेल्याचं आजवर ऐकलं नाही. बोलले ते बरोबरच होतं. पण तीन वर्षं मी शेजारच्या खष्टीच्या भावाने आणलेल्या पुऱ्या चघळत होते आणि माझीही येतेय, वाटेत आहे, असं सांगत होते. मला यंदा माझ्या भावाची टोपली हवी होती. गाव काय म्हणायचं ते म्हणो. मी पिशवी भरली.

माझं माहेर तालावर, म्हणजे तळ्यावर, नैनीतालच्या खाली जे लहान ताल आहेत त्यांतल्या एकाच्या काठाला. जीपमधून उतरले आणि आधी वास आला. या तालाचं पाणी आम्ही ओंजळीने प्यायलोय. आता कडेला हिरवी साय धरलेली, तिच्यात खाल्लेली कणसं, वेफर्सच्या पुड्या आणि कुणाच्या तरी बाळाचा गुंडाळून टाकलेला लंगोट हलत होता. वरच्या हॉटेलांचं पाइपातून काय येत होतं ते मी बघितलं नाही, नाकालाच कळलं. नावेतल्या एका दांडग्याने खळखळून चूळ भरली आणि पाण्यात थुंकली. त्याच पाण्याकडे तोंड करून त्याची बायको लांब श्वास घेत होती आणि हवा किती शुद्ध आहे म्हणत होती. शी. मी पदर नाकाला लावून वर चढले.

घर बघितलं आणि पायरीवरच टेकले. आमच्या घराच्या तळाला गोठ. तिथे गाई असायच्या आणि महिन्याचे ते पाच दिवस आम्ही बाया असायचो, पेंढ्यावर, शेणाच्या वासात, हात लावू नको, पाणी लांबून घे. इजाने मला तिथेच जन्म दिला. आता त्या गोठाला निळा दरवाजा लावून पाहुण्यांची खोली केली होती. भिंतीवर शेण नव्हतं, शेणासारखं दिसणारं सिमेंट होतं. गाईच्या गव्हाणीत तोंड धुवायचं भांडं बसवलेलं, आणि इजा जिथे माझ्यासाठी रात्रभर कण्हली असेल त्या कोपऱ्यात संडास. दिल्लीची माणसं तिथे झोपायला येतात आणि जागेत फार शांती आहे म्हणतात. मेल्यांना कुणीतरी पाच दिवस कोंडून ठेवा तिथे.

खोल्या भरल्या होत्या, म्हणून मला स्वयंपाकघरामागे झोपवलं, सिलिंडर आणि कांद्याच्या पोत्यांमध्ये. त्याचं मला काही वाटलं नाही. माहेर ते माहेर. लछम घाईत होता, पण पाया पडला, म्हणाला उद्या सकाळी भिटौली. मला कांद्याच्या वासातही छान झोप लागली.

सकाळी त्याची बायको नीमा आली आणि मला सजवायला लागली. लाल ठिपक्यांची पिवळी ओढणी, पिछौडा, अंगावर घातली, ती आम्ही लग्नकार्यालाच घेतो. मग नाकात हनुवटीपर्यंत येणारी नथ अडकवली. पितळेची होती, आणि तिला दुसऱ्या कुणाच्या तरी नाकाचा वास येत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, तीन वर्षांची कसर भरून काढतायत बिचारे. तिने मला उंबऱ्यात बसवलं. अंगणात आठ-दहा पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते, चहा पीत. मी म्हटलं, असू देत, लोकांनाही बघू दे माझा भाऊ.

आणि तो आला. वरच्या वाटेने, बौज्यूंची, आमच्या वडिलांची, काळी टोपी घालून, डोक्यावर टोपली, तिच्यावर लाल फडकं. अगदी तसाच, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या चैतात आला होता तसा. मला आवरेना. मी उठून त्याच्या गळ्यात पडले आणि हुंदके देऊन रडले, नथ त्याच्या कोटात अडकली तरी सोडेना. वर्षभराचं रडले म्हणा ना.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, काका, ऊन मागून येत होतं, चेहरे काळे आलेत, परत एकदा कराल का?

लछमने माझे हात गळ्यातून सोडवले, नथ सोडवली, टोपली डोक्यावर घेतली आणि परत वाटेने वर गेला. खाली आला. माझ्यासमोर टोपली ठेवली आणि दबक्या आवाजात म्हणाला, दिदी, रड ना. मी रडले नाही. मग नीमानेच डोळ्यांना पदर लावला.

पाहुणे पांगल्यावर मी फडकं उचललं. वर पाच पुऱ्या, खाली वर्तमानपत्राचे बोळे. पुऱ्यांना खवट तेलाचा वास मारत होता आणि एक पाठीमागून हिरवी पडली होती. मी विचारलं, या कधीच्या? नीमा म्हणाली, चार-पाच दिवस झाले असतील, टोपली तीच असते, कोण खातंय? आधी हेमा नावाची बाई बहीण व्हायची, ती गेल्या आठवड्यात काम सोडून गेली. आता चैत संपेपर्यंत तुम्हीच बघा दिदी, रोज दोनदा, सकाळी आणि चारला. तुम्ही फार खरं रडता.

माझ्या घशाशी आलं. त्या पुऱ्यांनी नाही. सकाळच्या माझ्या रडण्याने. ते रडणं मी त्या नथीसारखं नाकातून काढून कुठे फेकणार होते?

लछम ओसरीत फोनमध्ये बघत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"लछम, माझी भिटौली कुठली?"

"हीच की, दिदी." त्याने वर बघितलं. "बाकीच्या बहिणींना वर्षातून एकदा मिळते. तुला रोज मिळेल."

तो थट्टा करत नव्हता. त्याला ते पटलेलं होतं, आणि त्याचीच मला जास्त किळस आली. वर म्हणाला, हे नसतं केलं तर घर कधीच विकलं गेलं असतं, इजाचं घर मी राखलंय. मी म्हटलं, राखलंयस खरं, तिच्या बाळंतपणाच्या जागेवर लोकांना हगायला बसवून राखलंयस. मान खाली घालून तो फोनमध्ये गेला.

चार वाजता दुसरी मंडळी आली, बाराजण. मी पिछौडा नीट घेतला, नथ स्वतः अडकवली. नीमा खूश. लछम वाटेने आला, टोपली ठेवली. आता आमच्यात रीत अशी की टोपली उघडली की बहीण पहिला घास भावाला भरवते. उपाशी भावाला दारातून परत पाठवायचं नसतं. ती रीत यांनी खेळातून गाळली होती. मी नाही गाळली.

मी हिरवी पुरी शोधून काढली, तिचा हिरवाच तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. "खा रे भुला, धाकट्या माझ्या. लांबून आलास."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. पण बारा फोन त्याच्या तोंडावर रोखलेले. त्याने तोंड उघडलं. तो चावत होता आणि त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. मी दुसरा घास दिला, मग तिसरा. लहानपणी ताप आला की असाच मांडीवर घेऊन भरवायचे त्याला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तशी खुर्चीतली एक बाई आपले डोळे पुसायला लागली आणि शेजारणीला म्हणाली, असं प्रेम आता बघायला मिळत नाही. मी पुरी संपेपर्यंत भरवलं.

मग नथ काढून टोपलीत टाकली, पिछौडा नीमाच्या हातात दिला आणि पिशवी उचलली. लछम तोंड पुसत जीपपर्यंत माझ्यामागे आला. मी दार लावलं पण काच खाली ठेवली. वाटलं, बोलेल काहीतरी.

"दिदी, उद्याचं काय? उद्या मोठा ग्रुप आहे," तो म्हणाला.

अल्मोड्यात जीप थांबली तेव्हा मी दुकानातून बालमिठाई घेतली. रिकाम्या हाताने गावात कशी शिरणार होते? भिटौली घरोघरी वाटावी लागते. पुढच्या वळणावर मिठाई माझ्या जुन्या फडक्यात बांधली आणि दुकानाच्या नावाचा डबा खिडकीतून दरीत भिरकावला. तालातल्या पुड्यांना नावं ठेवणारी मीच ती.

घरोघर वाटली. भावाने दिली म्हणून सांगितलं. खष्टीने बोटं चाटली आणि म्हणाली, भाऊ चांगला हो तुझा, उशिरा का होईना, पण भरभरून दिलं. मी म्हटलं, तो आहेच तसा.

आमच्या यांनी आपला तुकडा हातात घेतला आणि कितीतरी वेळ उलटसुलट करून बघितला. लछमने आजवर पुऱ्यांशिवाय काही आणलेलं नाही, हे त्यांना माहीत आहे.

"पुऱ्या नव्हत्या का या वेळी?" त्यांनी विचारलं.

"होत्या," मी म्हटलं. "मी त्यालाच भरवून आले."

मिठाई त्यांनी खाल्ली. माझा तुकडा फडक्यात तसाच राहिला, तो सकाळी मी गाईला घातला.