मागून हाक

जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, हे शालूबाईला सासूने शिकवले होते. नवरा ब्रह्मदेशाच्या लढाईवर निघाला तेव्हा जोतीराम पोटात होता. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. नवरा परत आला नाही. पण आपण हाक मारली नव्हती, हे ती जन्मभर मानाने सांगत आली.

एकाहत्तर सालची दिवाळी सरली आणि माणदेशातल्या त्या गावातली रजेवरची पोरे एकेक करून माघारी जाऊ लागली. सरहद्दीवर काहीतरी शिजत होते. जोतीराम तेवढा घरी राहिला होता. पलटणीचा ट्रक उलटून पत्रा त्याच्या कुशीत घुसला होता. लष्करी दवाखान्यात टाके घातले, आणि महिनाभर ओझे उचलायचे नाही असे डॉक्टरने बजावून घरी धाडले.

"भरली जखम, आये. पलटण हालायच्या आत मला पोचाय पायजे."

"भरली तर त्या कुशीवर निजत का न्हाईस?"

"गाव मोकळं झालं. मी काय चुलीम्होरं बसू? शालूबाईचं पोरगं टाक्याआड लपलं म्हनतील!"

शालूबाईने चुलीत लाकूड सारले. पासष्टच्या लढाईत शेजारच्या धोंडुबाईचा पोर ताप आला म्हणून चार दिवस उशिरा गेला, तेव्हा असाच टोमणा तिने स्वतः पाणवठ्यावर मारला होता.

त्याच आठवड्यात हरनामसिंग दारात येऊन उभा राहिला. उलटला तो ट्रक त्याच्याच हातात होता. जोतीराम वाचला तर त्याला नांदेडला गुरूच्या पायाशी नेईन, असे तो बोलला होता. "माँजी, तुमी पण चला. मग आमी दोघं मिरजेतून ड्यूटीवर जाऊ."

नांदेडला तिघे पोचले तेव्हा उजाडत होते. गोदावरीवरून पाण्याची घागर घेऊन एक शीख अनवाणी येत होता आणि माणसे बाजूला होऊन हात जोडत होती. शालूबाईला बरे वाटले. देवाला नदीचे पाणी सगळीकडेच लागते. हरनामसिंगने जोतीरामच्या डोक्याला केशरी रुमाल बांधला. उघड्या डोक्याने गुरुद्वाऱ्यात जायचे नसते. आतल्या खोलीत गुरूची शस्त्रे होती. तिथे मुख्य पुजाऱ्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही, आणि तो जन्मभर ब्रह्मचारी राहतो.

दर्शन करून ते नदीच्या पायऱ्यांवर बसले.

"गुरू गोविंदसिंग इथंच गेले," हरनामसिंग म्हणाला. "पठाणानं पोटात खंजीर मारला. वैद्यानं टाके घातले. जखम भरत आली, लोक खूश झाले. मग कुणी तरी कडक धनुष्य आणलं. कुणाच्यानं वाकंना. गुरूंनी हातात घेतलं, ओढलं... आणि टाके तुटले."

"मग?"

"गुरूंना कळलं. सगळ्यांना बोलावून ग्रंथापुढं माथा टेकला. बोलले, आता माणूस गुरू नाही, हाच तुमचा गुरू. म्हणून आमी ग्रंथाला पंखा घालतो, निजवतो, सकाळी उठवतो. माँजी, जिता गुरू आहे तो."

ग्रंथाचे बोलणे शालूबाईच्या कानावरून गेले. ती पोराच्या कुशीकडे बघत होती. एक टाका उसवला तर हरनामच त्याला उचलून दवाखान्यात टाकील. महिना, दोन महिने. तोवर लढाई होऊन जाईल. गोदावरीचे पाणी काळे दिसत होते. तिने तोंड फिरवले.

लंगरात सगळे एका पंगतीत जेवले. शिलेदार असो की हमाल, चपाती दोन्ही हात पुढे करूनच घ्यायची. जेवण उरकल्यावर दोन शीख डाळीची मोठी देग चुलीवरून उतरवायला आले.

"जोत्या," शालूबाई म्हणाली, "गुरूच्या घरचं खाल्लंस, आन बसून काय बघतोस? लाव की हात."

"अरे नको नको," हरनामसिंग उठला, "याला जखम..."

"भरलीया म्हनतोय की! का पलटनीत जायाचं तेवढं जमतंय?"

जोतीरामने आईकडे पाहिले. मग गुडघे वाकवले आणि देग उचलली. "बोले सो निहाल!" कुणीतरी जयघोष केला. देग जागेवर टेकवून तो हात धुवायला मागे गेला आणि बऱ्याच वेळाने हसत आला. डोके उघडे होते.

"ओए, रुमाल?"

"हात पुसला, तिथंच ऱ्हायला."

हरनामसिंगने त्याला दटावून दुसरा रुमाल बांधला. शालूबाईने सदरा निरखला. कोरडा होता. तिला आत कुठेतरी निराशा वाटली, आणि लगेच स्वतःची भीती वाटली.

मिरजेच्या फलाटावर गाडी उभी होती. हरनामसिंग आधी चढला. जोतीरामने पाया पडून ट्रंक उचलली आणि पायरीवर पाय टाकला, तसा सदरा वर सरकला. पोटाला केशरी रुमाल करकचून गुंडाळला होता. कुशीपाशी तो काळा पडला होता.

त्याची पाठ तिच्याकडे होती. शिट्टी झाली.

"जोत्या!"

फलाटावरची माणसे वळली. "आवं बाई, जानाऱ्याला मागनं..." कुणीतरी पुटपुटले.

जोतीरामने वळून पाहिले. तिची नजर कुठे आहे ते ओळखले आणि सदरा खाली ओढला.

"उतर! टाकं तुटल्यात तुजं! म्या तोडल्यात रं!"

गाडी हलली. चाकांच्या आवाजात शब्द बुडाले. हरनामसिंग खिडकीतून वाकून विचारत होता, "काय बोलतात माँजी?" जोतीराम त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. हरनामसिंगचा चेहरा उजळला. आशीर्वाद घ्यावा तसे त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.