डावी टाकी भरेना

सकाळी सात वाजून सत्तावन्न मिनिटांनी डाव्या टाकीचा काटा शून्यावर होता. मधल्या टाकीचा नव्वदावर गेला होता, उजव्या टाकीचा ठरल्याप्रमाणे चाळिसावर थांबवला होता. डाव्या टाकीचा पंप सात मिनिटे चालू होता. त्याचा आवाज येत होता, पाणी येत नव्हते.

बोट खडकवासला धरणाच्या फुगवट्यात, गोऱ्हे गावाच्या बाजूला, एका लोखंडी धक्क्याला बांधलेली होती. २०१३ सालच्या नोव्हेंबरातला शुक्रवार. बोटीवर दोघे होते. प्रियदर्शनी रणपिसे, वय एकोणतीस, सहा वर्षे हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती; आठ महिन्यांपूर्वी तिने राजीनामा दिला. दुसरा सौरभ, त्याच कंपनीतला तिचा मित्र. त्याने राजीनामा दिला नव्हता, रजा टाकली होती.

या बोटीच्या मागे लाट उभी राहते आणि त्या लाटेवर फळी घेऊन माणूस उभा राहतो. समुद्र लागत नाही. लाट उठते ती वेगापेक्षा वजनाने. त्यासाठी बोटीत तीन टाक्या असतात. आहे तिथलेच पाणी आत ओढायचे, बोट जड करायची, काम झाले की ते पाणी परत सोडायचे. बोट ज्या अंगाला जास्त बसते, त्या अंगाला लाट चांगली उठते. सौरभला डाव्या अंगाचीच लाट जमत होती.

नऊ वाजता परवानगी देणारे उपअभियंता हिंमतराव जगदाळे येणार होते. त्यांची अट लेखी होती. धरण पिण्याच्या पाण्याचे आहे, बोट ताशी वीस किलोमीटरच्या वर जाता कामा नये. तेवढ्या वेगात लाट उठली आणि माणूस तिच्यावर टिकला, तर एका हंगामाची परवानगी. नाहीतर गोव्याच्या ज्या रिसॉर्टने बोट सहा महिन्यांच्या बोलीवर दिली होती, त्यांचा ट्रक सोमवारी ती परत नेणार होता. डावी टाकी रिकामी असताना त्या वेगात उठायचा तो नुसता फेस.

धक्क्यापासून वीस पावलांवर, काठावर, दोन घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर प्रियदर्शनीचे वडील ज्ञानदेव बसले होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे फिटर म्हणून काढली, त्यातली एकोणीस पंपहाउसमध्ये. दुसरीवर आई कौशल्याबाई, मांडीवर डबा घेऊन.

"कोरडा चाललाय," ज्ञानदेव म्हणाले.

"काय?"

"पंप. पाणी ओढणाऱ्या पंपाचा आवाज जड असतो. हा किंचाळतोय."

"मग सांगा की तिला."

"मला फक्त बघायला बोलावलंय."

"मग बघा. ऐकताय कशाला?"

"विचारलं तर सांगेन."

"फक्त बघायचं" ही अट प्रियदर्शनीची होती आणि तिला कारण होते. गेल्या महिन्यात बोटीच्या शेडमध्ये ज्ञानदेवांनी सौरभला पाना कसा धरावा यावर पाऊण तास सुनावले होते. सौरभ त्या वेळी पाना घेऊन नव्हे, चहा घेऊन आला होता.

बोटीवर प्रियदर्शनीने पंप बंद केला आणि वही उघडली. टेस्टरची सवय होती: एका वेळी एकच गोष्ट तपासायची, तपासली की लिहायची. आठ वाजून दोन मिनिटे, फ्यूज: ठीक. आठ सात, वायरी: ठीक. मग सौरभ पाण्यात उतरला आणि बोटीच्या बुडाशी जिथून पाणी आत येते तिथली जाळी हाताने चाचपून आला. आठ पंधरा, जाळी: साफ, शेवाळ नाही. आठ अठरा, पंप उलटा फिरवून पुन्हा सुलटा: फरक नाही.

आठ चोवीसला तिने वही मिटली आणि काठाकडे पाहिले.

"पप्पा."

ज्ञानदेव आधीच उभे होते.

"किती वेळ चालवलास?" बोटीत पाय टाकताच त्यांनी विचारले.

"सात मिनिटं सलग. नंतर मधून मधून."

"आवाज नाही कळला?"

"चालू पंपाचा आवाज येणारच ना, पप्पा."

त्यांनी डाव्या बाजूच्या आसनाखालचा कप्पा उघडला. तिथे कोंबलेली जीवरक्षक जाकिटे एकेक करून सौरभच्या हातात दिली आणि गुडघ्यावर बसून आत वाकले. बुडाच्या भोकापासून पंपाकडे जाणाऱ्या नळीवर व्हॉल्व्ह होता. त्याचा दांडा आडवा होता. आडवा म्हणजे बंद.

तो कोणी आडवा केला हे त्यांना तिथेच आठवले. रविवारी बोट शेडमध्ये असताना प्रियदर्शनीनेच त्यांना ढिली झालेली नळीची पट्टी आवळायला सांगितले होते. पट्टी आवळून झाल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला होता. कारखान्यात काम संपले की व्हॉल्व्ह बंद होत असे आणि त्याच्या दांड्यावर तारीख, वेळ, सही असलेला लाल पत्रा लटकवला जाई. शेडमध्ये लाल पत्रा नव्हता.

ज्ञानदेवांनी दांडा सरळ केला. "व्हॉल्व्ह बंद होता," ते म्हणाले. एवढेच म्हणाले.

पंप पुन्हा लावला. तो पुन्हा किंचाळला. काटा हलला नाही.

"आता काय?" सौरभने विचारले.

"पाणी नसलं की पंपातलं रबर स्वतःच्याच उष्णतेने जातं. पंप खोल."

चार स्क्रू काढल्यावर पंपाच्या तोंडातून रबरी चाक निघाले. पाणी ढकलणाऱ्या सहा पात्यांपैकी चार तुटली होती. दुसरे चाक गोव्याहून मागवले तरी मंगळवारच्या आधी येणार नव्हते. प्रियदर्शनीने तुटके चाक तळहातावर घेतले आणि उजव्या बाजूच्या कप्प्याकडे बघितले.

"उजव्या पंपाचं काम झालंय. दोन्ही पंप सारखे आहेत. त्याचं चाक इकडे घालू."

"आणि उजवी रिकामी कशी करशील?"

"बादलीने. पण आधी रिकामी करायची वेळ तर येऊ दे."

ज्ञानदेव हेच सुचवणार होते. "दे पक्कड," ते म्हणाले.

जगदाळे नऊला दहा कमी असतानाच आले. एका हातात फाइल, डोक्यावर टोपी. त्यांनी धक्क्यावरून आत पाहिले. उघडे कप्पे, जाकिटांचा ढीग, साबणाच्या पाण्यात बुचकळलेले एक रबरी चाक आणि त्याभोवती गुडघ्यावर बसलेले तिघे.

"लाट कुठाय?"

"साहेब, एक टाकी भरायची राहिलीय," प्रियदर्शनी म्हणाली.

"का?"

"पाणी चढत नाहीये."

"आमच्या बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, ते एक समजू शकतो. तुम्ही तर धरणातच बसलाय." त्यांनी घड्याळ पाहिले. "मी दहाला निघणार. अकराला मीटिंग आहे."

नऊ चौदाला चाक बसले, झाकण आवळले, पंप लावला. पहिली काही सेकंदे तीच किंचाळी. मग आवाज खाली उतरला, जाड झाला, नळी एकदा थरथरली.

"ओढायला लागला!" कौशल्याबाई काठावरून ओरडल्या. लग्नानंतरची छत्तीस वर्षे त्यांनी पंपांबद्दल ऐकण्यात घालवली होती.

काटा चारावर आला. प्रियदर्शनीने वही उघडली आणि लिहिले: कारण, व्हॉल्व्ह बंद. त्यापुढे तिचे पेन थांबले.

"सौरभ, हा व्हॉल्व्ह तू बंद केलास?"

"मी? तिथे व्हॉल्व्ह आहे हे मला आज कळलं."

"काल जाकिटं तूच भरलीस त्या कप्प्यात."

"जाकिटं भरली, हो. कोंबली म्हण." त्याने ओले केस मागे सारले. "दांड्याला धक्का लागला असेल. सॉरी यार. खरंच सॉरी."

ती लिहायला लागली.

"त्याचं नाव लिहू नकोस," ज्ञानदेव म्हणाले. "तो दांडा धक्क्याने फिरणारा नाही. मी बंद केला. रविवारी, दुपारी सव्वा वाजता."

पंपाचा आवाज चालू होता. जगदाळे फाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.

"का, पप्पा?"

"बोटीच्या बुडाला भोक आहे. काम झालं की भोक बंद करायचं. उजवाही करणार होतो, तेवढ्यात जेवायला हाक आली."

"म्हणजे उजवा माझ्या पिठल्याने वाचवला," काठावरून आवाज आला.

प्रियदर्शनी हसली नाही. "मघाशी दांडा सरळ केलात तेव्हा आठवलं होतं?"

"हो."

"आणि पंप कोरडा चाललाय, हे काठावर ऐकू येत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या मिनिटापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"फक्त बघायला या म्हणाली होतीस, दर्शू."

 तिने वहीत दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्या ओळीखाली सही केली आणि वही त्यांच्यापुढे धरली. ज्ञानदेवांनी खिशातून चष्मा काढला. पहिली ओळ होती: डावा व्हॉल्व्ह बंद करून सांगितले नाही, ज्ञानदेव रणपिसे. दुसरी: ज्याला आवाज कळतो त्याला गप्प बसवले, प्रियदर्शनी रणपिसे.

"पहिलीखाली सही करा."

त्यांनी तारीख आणि वेळ घालून सही केली. मग दुसरी ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि चष्मा काढायला त्यांना जरा वेळ लागला.

नऊ चाळीसला काटा त्रेचाळिसावर होता. पंप अर्धवट झिजलेल्या चाकावर चालत होता, वेग कमी होता. सौरभने मनात हिशेब केला. "सव्वाशे किलो तरी कमी पडणार. दहापर्यंत होत नाही."

"माणसं बसवू," प्रियदर्शनी म्हणाली. "डावीकडे. पप्पा, तुम्ही किती?"

"अठ्ठावन्न."

"आई?"

"माझं वजन चारचौघांत विचारू नकोस," कौशल्याबाई म्हणाल्या. "आणि मला पोहता येत नाही."

"जाकीट आहे."

"बुडाला भोक आहे म्हणाले ना आत्ता हे?"

"ते असायलाच लागतं, गं आई."

"असायला लागतं म्हणे." तरी त्यांनी डबा खुर्चीवर ठेवला, चपला त्याखाली नीट जोडीने लावल्या आणि ज्ञानदेवांचा हात धरून बोटीत उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. पदरावरून जाकीट चढले, त्याचे बंद ज्ञानदेवांनी आवळले.

"साहेब, आपणही डावीकडे बसता का?" सौरभने विचारले.

"माझ्या वजनावर लाट उठली, तर अहवालात काय लिहू?" जगदाळे म्हणाले. "मी वेगाचा काटा बघायला येतो. मधोमध बसेन." आणि ते दोन्ही गुडघे जुळवून अगदी मधोमध बसले.

नऊ एकोणपन्नासला दोर सुटला आणि बोट धक्क्यापासून निघाली. पंप चालूच होता. सुकाणूचे चाक प्रियदर्शनीच्या हातात होते. मोकळ्या पाण्यात आल्यावर सौरभ फळी घेऊन मागून उतरला. बोटीला बांधलेल्या आखूड दोराची मूठ त्याने धरली. माणूस आधी या दोराने ओढत उभा राहतो. लाट त्याला ढकलू लागली की दोर सोडून देतो.

"दहा," जगदाळे वेग वाचू लागले. "चौदा. सतरा."

बोटीचे डावे अंग खाली बसले. कौशल्याबाईंनी डोळे मिटून घेतले. मागे आधी फेसच उठला, विस्कटलेला. मग त्याची वरची कड एकसारखी झाली.

"पप्पा, आवाज कसा आहे?" प्रियदर्शनीने मागे न बघता विचारले.

"जड आहे. बरोबर आहे. थोडं दे अजून."

"अठरा," जगदाळे म्हणाले. "वीसच्या वर नाही हं."

"नाही, साहेब."

नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी वेगाचा काटा एकोणिसाला टेकला होता आणि डावी टाकी बहात्तरावर होती. डाव्या अंगाला कमरेएवढी लाट उभी होती. सौरभ फळीवर उभा होता. त्याच्या आणि बोटीच्या मधला दोर सैल पडला होता, मधोमध तो पाण्याला लागत होता. मूठ त्याने अजून सोडली नव्हती.