सातव्या माळेची ज्वारी

"आयकलास? घट करपलो!"

रुक्मिणीने नवऱ्याला अशी हाक मारली की दत्ताराम दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून आत आला. नवरात्राची सातवी माळ. घटाभोवतीच्या मातीत रुजवलेले मूग, उडीद, गहू पिवळे पडून माना टाकून बसले होते. ज्वारी तेवढी हिरवीगार, ताठ उभी होती.

"सातवो म्हयनो हा तुका, घटाकडे फिरकू नको म्हटलंय ना?" रुक्मिणी सुनेवर घसरली. "आता देवीचो कोप झालो."

"मी हातसुद्धा लावला नाही, आई," नीला रडवेली झाली.

दत्तारामला मात्र हे दृश्य ओळखीचं होतं. गिरणी बंद पडल्यापासून तो साकीनाक्याला तणनाशकाच्या कारखान्यात पावडर भरायचा. तिथे गच्चीवर पत्र्याच्या ट्रेमध्ये साहेब ज्वारी पेरत आणि तण वर यायच्या आत औषध फवारत. पुढे ज्वारी डोलायची, बाकी सगळं करपायचं. "झकास ना?" साहेब दुकानदारांना विचारत, आणि छाती फुगायची दत्तारामची!

"घटाक पाणी खयचा घातलंस?" त्याने विचारलं.

"पिंपातला. आणि खयचा?"

कारखान्यातली रिकामी पिंपं कामगारांनी घरी न्यायची रीत होती. असल्फ्याच्या टेकडीवरच्या त्यांच्या वस्तीत नळ कायम रुसलेला, त्यामुळे पिंप आणून देणारा दत्ताराम गल्लीत देवमाणूस ठरला होता. एरवी तो पिंपं सोड्याने पुन्हा पुन्हा घासायचा. गणपतीनंतर घरी आणि गल्लीत दिलेली मात्र एका पाण्यात खळबळून आणली होती. दिसतंय की स्वच्छ, म्हणून.

"नीला, तू कुठलं पाणी पितेस?"

"हंड्यातलं, बाबा."

त्याने श्वास सोडला.

"पण परवापासून नळच नाही ना. हंडा पण पिंपातूनच भरलाय. मी उकळून पिते."

उकळून! उकळून औषध थोडंच जातं! आपण गप्प राहिलो तर कोप देवीचाच राहील आणि दोष सुनेचा, हे त्याला कळत होतं. क्षणभर मोहही झाला. मग स्वतःचीच किळस आली.

"कोप नाय गो. पिंप मी नीट धुवक नाय. आतमध्ये औषध रवला. हिका आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने."

त्या दोघी गेल्या आणि त्याने शेजारच्या वनमालाचं दार ठोठावलं.

"वहिनी, पिंपातलं पाणी ओतून टाका."

"डोकं फिरलं का, भाऊ? उद्या पोरांना काय पाजू?"

"त्यात औषध आहे. माझी चूक."

वनमालाने स्वतःच पिंप आडवं केलं. दत्ताराम पुढच्या दाराशी गेला, मग त्याच्या पुढच्या. जपून साठवलेलं पाणी पायऱ्यांवरून खाली धावत होतं. पोरांना घेऊन बायका दवाखान्याकडे निघाल्या. त्याला भाऊ म्हणून कुणी हाक मारली नाही.

संध्याकाळी नीला परतली. बाळाचे ठोके चांगले होते, पण डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं. तिचे ओठ सुकले होते. दत्तारामने टेकडीखालच्या नळावरून हंडे वाहून आणले होते, भांडी राखेने घासून ठेवली होती. त्याने ग्लास भरून पुढे केला.

नीलाने तो घेतला, उजेडाकडे धरला.

"ग्लास कुणी धुतला, बाबा?"

त्याने ग्लास परत घेतला आणि बायकोच्या हातात दिला.

"तू धू गो," तो म्हणाला.