केटलीमार्फत

ख्रिस्ती माणसाने शब्द तोलून वापरावा, कारण लोक त्याच्या जिभेवरून त्याच्या देवाची परीक्षा करतात. हे वाक्य माझंच आहे. मी आमच्या चर्चमधला वडील, म्हणजे मंडळीने निवडलेला ज्येष्ठ. दर बुधवारी या विषयावर मंडळीचा वर्ग घेतो. नियम साधा: उत्तर देण्याआधी प्रभूची प्रार्थना मनात एकदा पूर्ण म्हणायची. तेव्हापासून काबानजाहे गावच्या बाजारात आमची माणसं दिसली की दुकानदार आधी बाकीची गिऱ्हाइकं उरकून घेतात.

मला घरात हा नियम जड गेला नाही. आम्हा करो जमातीच्या लोकांत जावयाने सासूशी थेट बोलायचं नसतं, मध्ये तिसरं माणूस लागतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझी बायको, मालेमता.

"मामींना सांग, कॉफी छान झालीय," मी म्हणायचो. मामी, म्हणजे सासूबाई, हाताच्या अंतरावर बसलेल्या असायच्या.

"जावयांना सांग, ही तिसरी आहे. आता मिळायची नाही."

"दोघं मिळून मला पगार सुरू करा," मालेमता म्हणायची.

मालेमता फेब्रुवारीत गेली. घरात मी आणि मामी उरलो. तिसरं माणूस नसेल तर एखाद्या वस्तूशी बोललेलं चालतं. आम्ही केटलीशी बोलू लागलो.

"केटली, उद्या संत्री उतरवायला माणसं येणार आहेत."

"केटली, जावयांना सांग, भात झाकून ठेवलाय."

भाताची चव लागत नव्हती. तिखट आहे की अळणी, हे मी मामींच्या चेहऱ्यावरून ठरवायचो. पण केटलीमार्फत उत्तर आलं की एक दिवस झाला असं धरायचो.

मे महिन्यात मेव्हण्याचा, तेर्केलिनचा, मेदान शहरातून फोन आला. शनिवारी गाडी घेऊन येतो, आईला कायमचं इकडे आणतो, तुमचं दोघांचं काय ते ठरवा.

मामींनी केटली चुलीवरून उतरवली. "केटली, जावयांचं काय म्हणणं आहे ते विचार."

त्यांनी जाऊ नये, असं मला वाटत होतं. त्या तीन महिन्यांत मला वाटलेली ती एवढी एकच गोष्ट. मी प्रार्थना म्हटली आणि वर दोन दिवस विचार केला. राहा म्हणावं तर म्हाताऱ्या माणसावर भार टाकल्यासारखं. मुलापासून तोडल्यासारखं. शेवटी गुरुवारी केटलीला म्हणालो, "मामींना सांग, देव नेईल तिथे त्यांचं भलंच होईल, आणि त्या जे ठरवतील त्याचा मला पूर्ण आदर आहे."

मामींनी चूल पुसली. पुसलेलीच होती.

"केटली, कळलं म्हणावं."

शनिवारी तेर्केलिन आला. आत जाऊन आला आणि मला अंगणात बाजूला घेतलं.

"भावोजी, आई रडतेय. काय बोललात तिला?"

मी शब्दन् शब्द सांगितला.

"मला कारखान्यातून काढलं तेव्हा साहेबाने हेच ऐकवलं होतं," तो म्हणाला. "त्यात देव नव्हता, एवढंच."

तो गाडीपर्यंत जाऊन परत आला.

"ती तुम्हाला इथे हवीय का नको? तुम्हाला जमत नाही तर मी सांगतो तिला. एका शब्दात बोला."

मी सवयीने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. तो थोडा वेळ थांबला असावा. 'आमची रोजची भाकर'पर्यंत आलो तेव्हा मागे ट्रंक चढवल्याचा आवाज झाला. 'आमची ऋणे सोड'ला गाडीचं दार लागलं. मी घाई केली नाही. वर्गात मी त्यावरच रागावतो.

आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा गाडी चर्चच्या वळणावर होती.

"हव्यात," मी म्हणालो. अंगणात कुत्रा होता.

आत येऊन कॉफीला पाणी ठेवायला गेलो. केटली नव्हती. ती मामींचीच होती.