वाकून पाहिलेली चित्रं

हरिश्चंद्र मुंबईला छापखान्यात कंपोझिटर होता. १९३४ च्या मे महिन्यात रजेवर गावी आला, तेव्हा बायकोपोरांना घेऊन तो रत्नागिरीला मेहुण्याकडे राहायला गेला. तिथल्या शाळेत नव्या तऱ्हेच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. चित्रकार मजीद बंदराजवळच्या मिरकरवाड्याचाच, मुंबईला शिकून आलेला. मेहुणा म्हणाला, नुसते रंग फासलेत, त्यापेक्षा पोरांना बंदरावर न्या. पण हरिश्चंद्राने मुंबईत अशी प्रदर्शनं पाहिली होती. पोरांनी हे पाहायलाच हवं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

सगळी चित्रं नकाशे टांगायच्या खिळ्यांवर उंच लावलेली. पाच वर्षांची जनी आणि तीन वर्षांचा शिवा यांना चौकटींच्या खालच्या कडाच तेवढ्या दिसत. हरिश्चंद्र एकेकाला उचलून दाखवू लागला. एकाला वर घेतलं की दुसरं त्याच्या धोतराला लोंबकळे. थोड्याच वेळात त्याचे हात भरून आले.

त्याची बायको विमला हे पाहत होती. तिने पदर सावरला आणि सरळ मजीदकडे जाऊन विचारलं, चित्रं एवढी उंच का? मजीद म्हणाला, खिळे तिथेच आहेत, आणि पाहायला मोठी माणसंच येतात.

"मोठी माणसं वाकतील," विमला म्हणाली. "पोरांना उंच व्हता येत नाय."

हरिश्चंद्राला वाटलं, आता हा रागावणार.  पण मजीदने बाकं ओढली, एक ओळ उतरवली आणि चित्रं बाकांवर भिंतीला टेकवून ठेवली. हरिश्चंद्रही हात लावायला पुढे झाला.

शिवा लाल रंगाच्या समुद्रासमोर मांडी घालून बसला. जनी एका बाईच्या चित्रापाशी थांबली. बाईचा चेहरा हिरवा होता.

"ही आजारी आहे?" तिने विचारलं.

मजीद तिच्याशेजारी उकिडवा बसला. ती केळीच्या बागेत बसली आहे, पानांतला उजेड तिच्या तोंडावर आलाय, असं त्याने सांगितलं. जनीला ते पटलं. विमलानेही वाकून पाहिलं. माहेरच्या केळीत आपले हात असेच दिसायचे, हे तिला आत्ता कुठे कळलं.

तेवढ्यात गावातले एक वकील आले. हा काय पोरखेळ, म्हणून कुरकुरले. पण चित्र पाहायचं तर वाकणं भाग होतं. शेवटी काठी बाजूला ठेवून ते शिवाशेजारी खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्र विमला आणि पोरांबरोबर मेहुण्यालाही घेऊन गेला. आता सगळीच चित्रं बाकांवर होती. मिरकरवाड्याच्या बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या आणि पोरं खाली उतरून आपापलं चित्र निवडत होती. कुणीतरी मजीदला विचारलं, ही मांडणी मुंबईची का?

"नाही," मजीदने विमलाकडे हात केला. "या बाईंची."

लोक वळून पाहू लागले. विमलाने मान खाली घातली नाही.  हरिश्चंद्र मेहुण्याला सोडून बायकोशेजारी जाऊन उभा राहिला.